उंबरावरचा नवाकोरा आठवडा

डोंगराच्या पायथ्याशी जांभळीचे एक झाड होते. त्यावर एक खार आपल्या तीन पिलांसह राहत असे. खार कष्टाळू होती, पण तिचे अर्धे लक्ष नेहमी शेजारच्या झाडावर असे. कारण तिथे शेकरू राहत असे. शेकरूची शेपटी लांब, शेकरूची पिले गुटगुटीत, आणि शेकरूची उडी एका झाडावरून थेट तिसऱ्यावर. एवढे खारीने कसेबसे पचवले होते. पण मुलांनो, एका वैशाखात शेकरू पिलांना घेऊन आठवडाभर डोंगरमाथ्यावरच्या उंबरावर राहून आली, आणि तेव्हापासून खारीला अन्न गोड लागेना.

तो उंबर झऱ्याकाठी होता. सुतार पक्ष्याने त्याच्या खोडात सात गार ढोल्या कोरल्या होत्या आणि तो त्यांचे आठवडे विकत असे. एकदा आठवडा घेतला की दरवर्षी तेवढे सात दिवस ढोली तुमची. "आमची पिलं परत यायलाच तयार नव्हती हो," शेकरू म्हणाली. ती सहजच म्हणाली होती. खारीला मात्र त्यात सहज काही दिसले नाही. "मग माझ्या पिलांनी काय उन्हात भाजून निघायचं?" ती स्वतःशी पुटपुटली. खरे तर पिले जांभळीच्या सावलीत एकमेकांच्या शेपट्या ओढत मजेत होती. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

खार आधी म्हाताऱ्या पोपटाकडे गेली. त्याला आपला आठवडा विकायचा होता. "माझ्या पंखांना आता एवढं वर झेपत नाही, पोरी," पोपट म्हणाला. "दोन मुठी चारोळ्या दे आणि घेऊन टाक. एक मात्र आधीच सांगतो. तू जा नाहीतर नको जाऊ, ढोलीच्या साफसफाईचा वाटा दरवर्षी द्यावाच लागतो. आणि सुतार नव्या गिऱ्हाइकांना पहिल्या दिवशी पिकलेली उंबरं देतो, ती तुला मिळायची नाहीत."

खारीला हे पटले. तरी विचारून घेतलेले बरे, म्हणून ती सुतार पक्ष्याकडे गेली. "पोपटाचा आठवडा? घ्या की, खारूताई," तो लाकूड टोचता टोचता म्हणाला. "जरा उष्टा आहे, एवढंच."

"उष्टा?"

"दहा वर्षं वापरलेला म्हणजे उष्टाच की. माझ्याकडचा नवाकोरा आहे. त्याला मात्र तुमची अर्धी बेगमी पडेल."

आता ही बेगमी म्हणजे खारीने पावसाळ्यासाठी साठवलेल्या चारोळ्या. झड लागली की खारींना बाहेर पडता येत नाही. पिले त्या साठ्यावरच जगतात. म्हणून खार दिवसभर फांदीवरून येरझारा घालत राहिली. सकाळी तिने पोपटाचा आठवडा घ्यायचे ठरवले. दुपारी काहीच घ्यायचे नाही असे ठरवले. मग पिलांनी थोडे कमी खाल्ले तर पुरेल का, याचा विचार केला आणि या विचाराची तिला लाजही वाटली. तेवढ्यात समोरून शेकरू शेपटी झुलवत गेली. "हिने विचारलं, तर उष्टा घेतला म्हणून सांगू?" असे म्हणून खारीने नवाकोरा आठवडा घेतला.

ज्येष्ठात तिची पाळी आली. ढोली खरोखरच गार होती, आत झऱ्याचा आवाज येत होता, आणि पानावर पिकलेली उंबरे मांडलेली होती. धाकटे पिलू ढोलीत अंथरलेल्या गवतात लोळले आणि म्हणाले, "आई, हे अजून गरम आहे." मग त्याने गवतातून एक ठिपकेदार पीस ओढून काढले.

"सुतारदादा, हा आठवडा नवा आहे ना?" खारीने विचारले.

"आठवडा नवा. ढोली तीच," सुतार पक्षी म्हणाला. "आत्ता सकाळपर्यंत पिंगळा होता इथे. तुमच्यानंतर उदमांजर यायचंय, तेव्हा सातव्या दिवशी उशीर करू नका."

"म्हणजे सगळेच आठवडे उष्टे?"

"पाळीपाळीने राहायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?" असे म्हणून तो पुढची ढोली कोरायला निघून गेला.

खार घरी परतली तेव्हा शेकरू तिची वाट पाहत होती. "नवाकोरा घेतलात म्हणे? तुमचं बरं आहे बाई. आमचा आपला मैनेकडून घेतलेला जुनाच. मीही आता नवा घ्यावा म्हणते. बराच फरक असतो का हो?"

खारीचा आजवर कुणी हेवा केला नव्हता. तिला मिशांपासून शेपटीपर्यंत गुदगुल्या झाल्या. "असतो," एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण मागून धाकटे पिलू म्हणाले, "आई, आज दोनच चारोळ्या?"

खारीने मान खाली घातली. "काही फरक नसतो," ती म्हणाली. "उष्टा नको, या हट्टापायी मी यांच्या पावसाळ्यातला घास देऊन आले. तुम्ही देऊ नका."

"पोपटआजोबांचा मिळत होता ना? मग तो का नाही घेतलात?"

"तुम्ही काय म्हणाल, म्हणून."

"मी?" शेकरूला काही कळेना. "अहो, मी विचारलंसुद्धा नसतं."

त्या पावसाळ्यात खारीची पिले एकवेळच जेवली. तिन्ही तगली, पण बरीच वाळली.

तात्पर्य : शेजारणीच्या नजरेने खरेदी केली, तरी त्या खरेदीची किंमत आपल्याच पिलांच्या पोटातून जाते.