नावाड्याचा सूर

“मग ती मालिका बघणारे सगळे मूर्खच म्हणायचे?” आबांनी विचारलं.

“मूर्ख नाही,” शार्दूल म्हणाला. “पण त्यांनी गोष्ट पाहिलीच नाही. ती मूळ पुस्तकात आहे.”

आबा कुडाळकडचे जुने चित्रकथी. मांडीला टेकवून एकेक चित्र दाखवायचं आणि त्याची कथा गाऊन सांगायची, ही त्यांच्या घरातली पिढीजात विद्या. ती शिकायला शार्दूल पुण्याहून आला होता. आबा सहजासहजी कुणाला शिष्य करून घेत नाहीत, हे ऐकून होता. म्हणून त्याने आपलं सगळं भांडवल पुढे मांडलं. एका नावाड्याची जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात तिला. भाषांतर नको म्हणून पठ्ठ्या जपानी शिकला होता. तिच्यावरून काढलेल्या हलत्या चित्रांच्या ॲनिमे मालिकेचं नाव निघालं, की त्याच्या कपाळाला आठी पडे.

“गेलेल्या मुलाचा सदरा नदीत सोडताना पुस्तकातला नावाडी एक अक्षर बोलत नाही, आबा. नुसते मिटलेले ओठ. आणि मालिकेत? त्याला अंगाई गुणगुणायला लावलंय. पार माती केली.”

आबा सुपारी कातरत राहिले...

“सांग बघू ते पान.”

शार्दूलने पुस्तक स्वतःसमोर उघडलं. आबांनी ते हलकेच उलट फिरवलं. ओसरीवर त्यांची सून वैजू तांदूळ निवडत होती, चित्र तिच्याकडे झालं.

“आमच्यात चित्र ऐकणाऱ्याकडे असतं. सांगणाऱ्याला पाठच दिसते.”

“चालेल. पानन् पान तोंडपाठ आहे माझं.”

मान ताठ करून त्याने सुरुवात केली. धुकं आलं, नदी आली, होडी आली. नावाड्याने सदऱ्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. वैजूचे हात सुपातच थांबले. शार्दूल रंगात आला होता. त्याने सदरा पाण्यावर ठेवला... आणि त्याच्याही नकळत घशातून एक हळू सूर निघाला.

वैजूने पदर डोळ्यांना लावला.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. “बघून रडलंस गो, का आयकान?”

“आता माका काय ठावक, आबानू?”

त्या ओसरीवर मालिका कुणीच पाहिली नव्हती. शार्दूल गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण उसन्या गोष्टीवर मान मिळवणं त्याच्या ताठ मानेला सोसणारं नव्हतं.

“तो सूर पुस्तकात नाही, आबा. मालिकेतला आहे.”

एवढं बोलून त्याने पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं आणि चपला शोधू लागला.

“उद्यापासून शिकायला या,” आबा म्हणाले. “दोघंही.”

“दोघं?... मी तर एकटाच आलोय, आबा.”

आबांनी सुपारीचं खांड त्याच्या हातावर ठेवलं.

“मघाशी तर दोघं सांगत होते. एक पुस्तकातला, एक मालिकेतला.”