कुंभारणीचं दहा

फार फार वर्षं झाली, तेव्हाची गोष्ट. राज्य कुठलं, राजा कोण, ते विचारू नका. पोरं तेव्हाही शिकत होती, चुकत होती आणि मार खात होती, एवढं माहीत असलं की पुरे.

त्या राज्यात नदीकाठी कुंभारांची वस्ती होती. तिथे एक कुंभारीण राहायची. अंगाने काटक, जिभेने तिखट. नवरा गेल्यावर चाक थांबलं नाही, तिने स्वतः फिरवलं. तिला एकच मुलगी, सोनकी. दहा वर्षांची.

राणीने राजधानीत पाठशाळा काढली होती. तिथे कुणाचंही पोर जाऊ शकत होतं, मुलगी असली तरी. पण दर तीन वर्षांनी एकदाच, पाडव्याला, पंच पोरं निवडायचे, आणि दहा वर्षांवरच्या पोराला उभं करायचे नाहीत. म्हणजे सोनकीला हा एकच पाडवा होता. तो हुकला की संपलं.

कुंभारणीने त्या पाठशाळेला पाण्याचे माठ पोचवले होते. उंबऱ्याबाहेर उतरवायचे, आणि परत फिरायचं. आतून पोरांचा आवाज यायचा. ती घरी येऊन सोनकीला म्हणाली, "मी दारापर्यंत गेले. तू आत जायचंस. कसं जायचं ते मी बघते."

आणि तिने घरी शिकवणी लावली.

पहिले आले ते पंडित. खांद्यावर शाल, कपाळावर गंध. ते राजधानीत बारा वर्षं शिकलेले. त्यांचे गुरू कोण, गुरूंचे गुरू कोण, कुठल्या सभेत कुणाला हरवलं, हे सांगण्यातच पहिली सकाळ गेली. सोनकी तोंडाचा आ करून ऐकत होती. कुंभारीण मनात म्हणाली, माणूस मोठा दिसतोय.

पंडितांची रीत सोपी. ते म्हणायचे, पोरीने मागून म्हणायचं. दहा एके दहा, दहा दुणे वीस, दहा त्रिक तीस. पंधरा दिवसांत सोनकी सगळे पाढे घडाघडा म्हणायला लागली. कुंभारीण चाकावर बसल्या बसल्या ऐकायची आणि तिची छाती फुगायची.

सोळाव्या दिवशी पंडितांनी विचारलं, "एका ओळीत दहा मडकी. अशा तीन ओळी. मडकी किती?"

सोनकीने धूळपाटीवर बोटाने लिहिलं, तेहतीस.

पंडितांनी तळहाताने धूळ सारखी केली. "पुन्हा."

तेहतीस.

पुन्हा पुसलं. "चार ओळी असतील तर?"

"चव्वेचाळीस."

"अगं, दहा चोक किती?"

"चाळीस."

"मग मडकी किती?"

"चव्वेचाळीस," सोनकी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती खरंच सांगत होती.

पंडित उठले. शाल झटकली. "बाई, तोंडात आहे ते डोक्यात उतरत नाही हिच्या. मातीच्या घरात मातीच भरलेली असायची." एवढं बोलून गेले. बिदागीचा माठ मात्र न विसरता घेऊन गेले.

दुसरा आला तो तरुण होता. हसतमुख, गोड बोलणारा. त्याला म्हणे पाचव्या वर्षीच सगळं येत होतं, कुणी शिकवावंही लागलं नाही. तो कधी ओरडला नाही, कधी छडी घेतली नाही. फक्त प्रत्येक गणिताला म्हणायचा, "अगं, सोप्पं आहे!" सोनकीने बोट उचलायच्या आत उत्तर त्याच्या तोंडून बाहेर. "बघ, झालं. सोप्पं आहे की नाही?"

सोनकी मान हलवायची. पोरांचं मान हलवणं म्हणजे काय असतं, ते आयांना कळायला पाहिजे. पण कुंभारीण कामात होती.

आठ दिवसांत सोनकी आकडा म्हटला की गप्प व्हायला लागली. पहिल्यांदा निदान चुकत तरी होती. आता तोंडच उघडेना. दोन आणि दोन विचारले तरी खाली बघायची. सोपं आहे आणि तरी आपल्याला येत नाही, म्हणजे आपण किती मठ्ठ, हे तिने एकटीनेच ठरवून टाकलं होतं.

कुंभारणीने त्याला घालवलं, पण पाडवा महिन्यावर आला होता. कुंभारणीचा धीर सुटला. एका दुपारी तिने विचारलं, "तीन दहा किती गं?" सोनकी गप्प. पुन्हा विचारलं. सोनकी पुटपुटली, "तेहतीस." आणि कुंभारणीचा हात उठला. चिखलाची पाच बोटं पोरीच्या गालावर उमटली.

त्या दिवशी दोघींनी भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कुंभारीण मडकी घेऊन बसली होती. समोर धान्याच्या राशीवर एक मापारीण पायलीने ज्वारी मापत होती. वयस्कर, अंगभर कोंडा. बाजार ओसरला की हीच बाई पोत्यांच्या आडोशाला हमालांची नि भाजीवाल्यांची पोरं घेऊन बसायची, आकडे शिकवायची. कुंभारणीने ते कितीदा बघितलं होतं आणि नाक मुरडलं होतं. आज मात्र ती उठून तिच्याकडे गेली. विनवणी करायची सवय नव्हती, म्हणून भांडणाच्याच सुरात बोलली.

"काय गं, तुला खरंच येतं का शिकवायला, की नुसती पोरं राखतेस?"

मापारणीने पायली खाली ठेवली. "तुझी पोर ना? दोन मास्तर पळाले म्हणे."

"पळाले नाहीत. मी घालवले."

"बरं, घालवलेस. मग आता माझ्याकडे कशाला?"

"तू कुणाची शिष्या? कुठे शिकलीस?"

"कुणाची नाही. तिशीपर्यंत मला शंभर येत नव्हते. आम्ही माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. त्यामुळे पाटी हातात घेतली तेव्हा मी दोनपासूनच सुरुवात केली. सगळा बाजार हसला मला. शंभरपर्यंत यायला चार वर्षं लागली." मापारीण पदराने तोंड पुसत म्हणाली, "पण त्या वाटेवरचा एकेक खड्डा मला ठाऊक आहे. सगळ्यांत पडलेय मी."

कुंभारणीने पदरावर उडालेला कोंडा झटकला. मग म्हणाली, "उद्या ये."

मापारीण आली. धूळपाटी मागितली नाही, पाढे विचारले नाहीत. अंगणात बसून तिने सोनकीबरोबर शेंगा फोडल्या. कुंभारीण चाकावरून ओरडली, "शेंगा खायला बोलावलं का तुला?"

"तू तुझं चाक बघ," मापारीण म्हणाली. मग सोनकीकडे वळली. "पोरी, तीन दहा तेहतीस म्हणतेस म्हणे तू."

सोनकीने गाल हाताने झाकला.

"अगं, मारत नाही. मला बघायचंय. तेहतीस कसे आले, दाखव बरं."

हे सोनकीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. चूक म्हणाले होते, पुन्हा म्हणाले होते, सोपं आहे म्हणाले होते. कसं आलं, ते कुणी विचारलं नव्हतं. तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग उठली आणि भट्टीजवळची मडकी आणून अंगणात मांडायला लागली. दहा मांडली, आणि न बोलता एक वर ठेवलं. दुसरी ओळ. दहा, वर एक. तिसरी ओळ, वर एक.

"हे वरचं कशाचं?" मापारणीने विचारलं.

"ते असतंच," सोनकी म्हणाली. "आई असंच मांडते."

"मी?" कुंभारीण चाकावरून उठलीच. "मी कशाला असं मांडीन? खोटं बोलतेस! चांगलं दहा मोजता येतं मला!"

"मग मांड की बाई," मापारीण शांतपणे म्हणाली. "तुला येतं ना? मांड दहा."

कुंभारणीने पदर खोचला. तणतणत मडकी उचलली. वीस वर्षांचा हात, त्याला बघावंही लागत नव्हतं. खडाखड ओळ लावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे बघ. दहा."

"मोज."

कुंभारणीने मोजली. नवाला आवाज मोठा होता. दहाला उतरला. मग बोट पुढच्या मडक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"ते... ते फुटीचं आहे," ती हळूच म्हणाली. "गाडीत दहातलं एखादं फुटतंच. म्हणून एक वर घालतो. ते मोजत नाही आम्ही. माझी आई घालायची. तिची आईही."

"आणि ही पोर तीन वर्षांची असल्यापासून तुझ्या शेजारी बसून बघतेय," मापारीण म्हणाली. "ती चुकत नाही गं. तू शिकवलेलंच सांगतेय."

कुंभारीण मट्कन खाली बसली. तिला परवाचा उठलेला हात आठवला. स्वतःचंच गणित पोरीच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यासाठीच मारलं होतं. ती सोनकीला म्हणाली, "ये इकडे. मार मला एक."

सोनकी बिचकली. मग आईचं तोंड बघून तिला हसू आलं. "एक कशाला? दहा मारीन."

"म्हणजे अकरा," मापारीण म्हणाली.

त्यावर तिघी हसल्या. कुंभारीण हसता हसता रडली, पण ते तिने भट्टीच्या धुरावर ढकललं.

पुढचं काम मापारणीने घाई न करता केलं. घरचं दहा चुकीचं आहे, असं ती एकदाही बोलली नाही. तिने वरचं मडकं पालथं ठेवायला लावलं. उताणी मडकी मोजलीस की पाटीचं दहा. पालथं धरून मोजलंस की गाडीचं दहा. "दोन्ही खरी," ती म्हणायची. "फक्त आपण कुठे उभ्या आहोत ते बघून बोलायचं." सोनकी तिला उलट प्रश्न विचारायला लागली. दहा दिवसांनी तर भांडायलाही लागली. मापारीण कुंभारणीला म्हणाली, "आता काळजी नाही. भांडते म्हणजे समजतंय तिला."

पाडवा उजाडला. पाठशाळेच्या उंबऱ्याबाहेरच्या चौकात पोरांची रांग लागली. पंच तिघे होते. मधोमध पाठशाळेच्या थोरल्या बाई, एका बाजूला राजवाड्याचं धान्य नि भांडीकुंडी सांभाळणारे कोठीवाले, आणि दुसऱ्या बाजूला तेच शालवाले पंडित. त्यांना बघून कुंभारणीने पोरीला जवळ ओढलं. मापारीण आली नव्हती. त्या दिवशीही बाजार होता, आणि पोट कुणाला चुकलंय?

सोनकीची पाळी आली. कोठीवाल्यांनी विचारलं, "राणीसाहेबांच्या पंगतीत तीस ओळी. एका ओळीला पाणी प्यायची दहा बोळकी. एकूण किती?"

सोनकी खाली बघत बोटाने हवेत ओळी मांडायला लागली.

पंडित कोठीवाल्यांकडे झुकून म्हणाले, "मी शिकवलंय हिला. व्यर्थ आहे."

कुंभारणीने मुठी अशा आवळल्या की नखं तळहातात रुतली. बोल गं पोरी. काहीतरी बोल.

सोनकीने मान वर केली. "पंगतीत मांडायची, की गाडीने धाडायची?"

चौकात हशा पिकला. पंडित म्हणाले, "प्रश्नाला प्रश्न विचारू नये. त्यात काय फरक आहे?"

"आहे ना," सोनकी म्हणाली. "मांडायची तर तीनशे. धाडायची तर तीनशे तीस भरायला पाहिजेत. तेव्हा तीनशे पोचतात. दहामागे एक वाटेत फुटतं. आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे."

"उत्तर एकच असतं!" पंडित म्हणाले.

पण कोठीवाले हसत नव्हते. ते पुढे सरकून बसले. "थांबा पंडित. दर उन्हाळ्यात घाटावरच्या महालात मी इथून मोजून तीनशे बोळकी धाडतो. आणि दर वर्षी शेवटच्या ओळींना ओंजळीने पाणी प्यावं लागतं. आजवर मी गाडीवानांना चोर म्हणत आलो." त्यांनी कपाळाला हात लावला. "बिचारे शपथा घेत होते."

थोरल्या बाईंनी विचारलं, "पोरी, हे तुला कुणी शिकवलं?"

"आईने," सोनकी म्हणाली. "आणि मापारीणकाकूने मला ते समजावलं."

थोरल्या बाईंनी लेखणी उचलली आणि सोनकीचं नाव लिहिलं. कुंभारीण त्या दिवशी पहिल्यांदा पाठशाळेचा उंबरा ओलांडून आत गेली. पोरीचा हात धरून, चिखलाच्या पायांनी. कुणी अडवलं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं.

चार दिवसांनी तिच्या अंगणात पंडित आले. आज शाल नव्हती. अंगणातलं एक पालथं मडकं त्यांनी उचलून बघितलं. मग म्हणाले, "बाई, मी बारा वर्षं शिकलो. मला हे का दिसलं नाही?"

कुंभारीण चाक न थांबवता म्हणाली, "दिसेल कसं महाराज? पोरीने दोनदा लिहून दाखवलं. तुम्ही दोनदा पुसलंत."

पंडितांनी मान खाली घातली. मग विचारलं, "मी थोडा वेळ इथे बसलो तर चालेल? तुमचं काम बघायचंय."

"बसा. पण रिकामं बसणाऱ्याला इथे जागा नाही. माती तुडवावी लागेल."

पंडितांनी धोतर वर खोचलं आणि चिखलात पाय घातला. दोनदा घसरले. वस्तीतली पोरं पोट धरून हसली, आणि गंमत म्हणजे पंडितही हसले.

त्यानंतर पंडितांच्या पुसापुशीला कंटाळून आधी पळून गेलेली पोरं एक एक करून परत आली. लोहाराचं आलं, कोळ्याचं आलं, मेंढपाळाच्या दोन मुली आल्या. पोर चुकलं की पंडितांचा हात सवयीने धुळीकडे जायचा. मग ते तो मागे घ्यायचे, पोराशेजारी मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "कसं आलं हे? मला दाखव."

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं: पोराची चूक पुसण्याआधी ती कुठून आली हे जो विचारतो, तोच खरा शिकवणारा.