यमूनं नाव न घेता मागितलं

आमच्या शेजारच्या इवल्याशा यमूच्या घरी चार दिवस चूल धड पेटली नव्हती. तिचे आबा मासे धरायचे. पण नदीकाठी बेशरमीची झुडपं अशी माजली होती, की होडी पाण्यापर्यंत पोचेना. मासे जिथं अंडी घालायचे ती लव्हाळीही या बेशरमीनं गिळलेली. सोमवारी घरातले सगळे गाव सोडून वीटभट्टीवर कामाला निघणार होते. मी विचारायला गेले नव्हते हं, भिंतीपलीकडून ऐकू आलं.

यमू मात्र रोज काठावर जाई. एकेक झुडूप मुळासकट उपटी आणि मुळं आभाळाकडे करून खडकावर वाळत घाली. कारण त्याची काडी मातीला लागली, की पुन्हा रुजलीच!

रविवारी सकाळी तिला दाट फांद्यांत एक चिमुकली, रुपेरी परी अडकलेली दिसली. चतुरासारखे पंख, त्यांवर मोरपंखी ठिपके लुकलुकणारे. यमूनं अलगद फांद्या बाजूला केल्या.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण फक्त स्वतःपुरतं मागायचं नाही, आणि मागताना कुणाला नावं ठेवायची नाहीत."

मी मागेच उभी होते. मला कुठलं राहवतंय! "अगं, ही बेशरम जाऊ दे म्हण!"

झालं! परीचे पंख विझू लागले.

"काकू, गप्प बसा ना! ती शिवी झाली!"

खरंच की. झाडाचं नावच तसलं! आणि शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला त्या काड्या खोवल्या कुणी? मीच.

यमूनं एका फुलावरून हात फिरवला. "परीताई, हे गुलाबी फुलांचं झाड चुकून इथं आलंय. त्याला त्याच्या घरी पोचव. आणि माशांना, लव्हाळ्यांना त्यांचं घर परत दे."

परी लख्ख उजळली. झुडपं मुळांसकट अलगद उठली, त्यांची गुलाबी गुलाबी फुलपाखरं झाली आणि थव्यानं उडून गेली. माझं कुंपणही गेलं त्यांच्यामागून. जाऊ दे बाई! खाली कोवळी हिरवी लव्हाळी डुलत होती, निळाशार खंड्या पाण्यावर सूर मारत होता. परी सोनेरी उजेडात हसली आणि उजेडच होऊन गेली.

आबांनी होडी ढकलली. सळ्ळकन पाण्यात! तिसऱ्यांदा टाकलेलं जाळं त्यांना एकट्याला ओढवेना.

"मग उद्याचं जाणं?" मी विचारलंच.

यमूच्या आईनं काठावर बसून पाण्यात पाय सोडले. "हुश्श! कुठं जायचंय आता? वहिनी, कालवण न्यायला या. मोठं भांडं आणा."