खुणेचा सूर

"मग ती शेवटची दोन पानं मला का देत नाही, सर?"

जुईली वर्तकने हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा विचारला होता.

इनास सर पियानोवरची धूळ पुसत राहिले. वसईच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेला माणूस. लहानपणी जुईलीची बोटं पहिल्यांदा पियानोवर पडली ती यांच्याच घरात. पुढे ती शिकायला जर्मनीला गेली आणि आठ वर्षांनी परतली ती एक ध्यास घेऊनच. एकोणिसाव्या शतकातलं, रोमँटिक काळातलं, जग विसरून गेलेलं पियानोसंगीत शोधायचं आणि सगळ्यांना फुकट वाटायचं.

तिच्यासारखेच दोनशे वेडे देशोदेशी होते. फोनवर त्यांचा ग्रुप होता. कुणा अनामिक पोलिश बाईच्या एका वॉल्ट्झची, नाचाच्या तालातल्या रचनेची, सहा पानं त्यांना सापडली होती. उरलेली दोन सरांच्या कपाटात होती, तरुणपणी त्यांनी स्वतः हाताने उतरवून घेतलेली. रविवारपर्यंत आणते, असं जुईली ग्रुपवर सांगून बसली होती.

"संगीत कपाटात कोंडून ठेवायचं नसतं, सर."

"बरोबर."

"मग?"

"आधी तुझी सहा पानं दाखव."

तिने सरांसाठी छापून आणलेली प्रत पियानोवर ठेवली. सर वाजवू लागले. दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीत थांबले. मागे गेले, पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच थांबले.

जुईलीचा पाय हलू लागला.

"बाय, ही बाई असं लिहिणार नाही. इथे कुणीतरी मध्येच तंगडी घातलीय."

"...ती खूण आहे, सर."

"कसली?"

"आमच्यात तशी रीत आहे. प्रत देताना एक सूर बदलायचा. प्रत्येकाच्या प्रतीत वेगळा. उद्या कुणी ती स्वतःच्या नावावर खपवली, तर कुणाची प्रत ते कळतं."

"म्हणजे हा खास माझ्यासाठी?"

"तुमच्यावर संशय म्हणून नाही हो! रीतच आहे."

"आणि त्या दोनशे जणांना?"

"त्यांनाही. प्रत्येकाला वेगळा."

"दोनशे जणांना दोनशे खोटे सूर. तेही फुकट." सर खो खो हसले. "उदार आहेस."

मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, "खरा कोणता?"

जुईलीने फोनकडे हात नेला. कुणाच्या प्रतीत कोणता सूर बदलला, ती यादी त्यात होती. सरांनी फोनवर तळवा ठेवला.

"कानाने सांग."

तिने एक पट्टी दाबली. मग शेजारची. मग एक काळी. प्रत्येक सूर क्षणभर बरोबर वाटे, दुसऱ्या क्षणी चूक. दोन महिने ती या वॉल्ट्झवर खपली होती. डाग पुसले होते, होत्या-नव्हत्या तेवढ्या सगळ्या वाकड्या ओळी सरळ केल्या होत्या. सहा पानं सलग वाजवली मात्र एकदाही नव्हती.

सरांच्या तळव्याखाली फोन थरथरत होता. कुणीतरी विचारत असणार, मिळाली का?

"...नाही सांगता येत."

संपलं, तिला वाटलं. आता पानं कसली मिळतात.

सर उठले. कपाट उघडलं. पिवळी पडलेली दोन पानं काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"ने."

जुईलीने पानं घट्ट धरली. पण आनंद होईना. तिची नजर ओळींवरून धावत राहिली. वरून खाली, पुन्हा वर. शाईचा प्रत्येक ठिपका तिला संशयित वाटू लागला.

"सर..."

"बोल."

"तुम्ही यात कुठे खूण केलीय का?"

"असेल. तुझ्या कानाला सापडली, की मग पानं खुशाल वाटून टाक सगळ्यांना."