हैबती भोयाची मिशी

"हैबती भोयाची मिशी उद्याच्या उद्या उतरवा!"

राजे गुणवंतरावांचा हुकूम हैबतीच्या लेकीच्या, ठकूच्या कानी पडला. परवा तिचं लग्न! बिनमिशीचा बाप मांडवात दिसला, की वऱ्हाड विचारणारच, "कोण वारलं हो घरात?" सोयरीक मोडायला तेवढं पुरे.

गुन्हा तसा खराच होता. चार महिन्यांपूर्वी हैबतीने पिंपळडोहातला राखीव मासा धरला. देशमुखांनी त्याला पकडून चावडीपुढे मिशी भादरली आणि मासा मात्र स्वतःच चापला. बिचाऱ्याने रोज तेल चोळचोळून मिशी पुन्हा वाढवली, तोच ही गोष्ट राजेसाहेबांच्या कानावर गेली!

ठकू तडक दरबारात शिरली. "सरकार, त्याच माशापायी माज्या बाची मिशी एकदा गेलीया. पुन्यांदा कशापायी?"

"डोहाचा काठ देशमुखांचा, पाणी आमचं," राजे म्हणाले. "त्याने दोघांचेही कायदे मोडले. गुन्हे दोन, शिक्षा दोन!"

"पर मासा तर एकच व्हता!"

"असेना का! देशमुखांनी त्यांची मिशी घेतली, आम्ही आमची घेणार."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं कामच ते. ठकूला अस्सा राग आला! पण तिने तो गिळला.

"एक इचारू, सरकार? बापाच्या गुन्ह्यापायी तुमी लेकाला सजा देता का?"

"छे! आमच्या राज्यात असला अन्याय नाही."

"लेक गुन्ह्याच्या मागनं जलमला असंल तर?"

"मग तर नाहीच नाही! त्याचा काय दोष?"

"मंग झालं की! मासा धरला तवाची मिशी देशमुखांनी नेली. ही तिच्या मागनं उगवलेली. गुन्हा घडला तवा हिचा जलमबी नव्हता, सरकार! हिनं त्यो मासा बघितलाबी न्हाई. मंग हिला कशाची सजा?"

राजांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला आणि ते असे खदखदून हसले, की पागोटं कानावर आलं.

"मिशी सुटली! आणि पोरी, तुझ्या लग्नाच्या पंगतीला डोहातला सगळ्यात मोठा मासा आमच्याकडून!"

"लई उपकार, सरकार! पर धरायच्या आदी देशमुखांचीबी चिठ्ठी मागवा. न्हाईतर माज्या बानं काठावर पाय ठेवला, की ही मिशीबी जायाची!"

राजे पुन्हा हसत सुटले आणि चिठ्ठी आणायला त्यांनी आपला खासा घोडा पाठवला.