सिनेमावाला बाझील आणि कापडाचा ढग

एक होता सिनेमावाला. राजा नव्हे हं, साधा सिनेमावालाच. नाव त्याचं बाझील. हसू नका, फ्रान्स देशात असलीच नावं असतात. तिथल्या एका बंदरगावात तो राहायचा. गावात मासे भरपूर, धुकं भरपूर आणि वारा तर विचारूच नका. दोरीवर वाळत घातलेला सदरा शोधायला शेजारच्या गावात जावं लागायचं.

बाझीलचे आईवडील तो लहान असतानाच गेले. मग त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं. तिचं नाव सेराफीन. तिकडे बहिणीला नावानंच हाक मारतात, पण आपण आपलं ताई म्हणू. ताई कोळ्यांची शिडं शिवायची, गोधड्या शिवायची, लग्नाचे झगे शिवायची. तिच्या मशिनची खडखड ऐकत बाझील मोठा झाला.

अंगानं मोठा झाला, डोकं मात्र पोराचंच राहिलं, बरं का. घास हातात धरून विचारायचा, "ताई, हिवाळ्यात छत्र्यांना थंडी वाजत असेल का गं?"

ताई म्हणायची, "वाजत असेल. जेव आता."

मग एकदा त्याच्या हातात कुणाचा तरी जुना कॅमेरा आला. झालं! त्यानं सिनेमा काढला. त्यात काय, तर थंडी पडली की गावातल्या सगळ्या छत्र्या थवा करून उबेच्या देशाला उडून जातात. पंख ताईनं शिवले. मग दुसरा काढला. त्यात एका बेकरीवाल्याचा पाव इतका फुगतो, इतका फुगतो, की घरच वर उचलतो. बेकरीवाला आपला आभाळातून पाव वाटत चाललाय. मग तिसरा काढला. त्यात चर्चच्या घंटेला सर्दी होते, आवाज बसतो, आणि सगळा गाव शिडी लावून तिला काढा पाजतो.

लोक पोट धरधरून हसले. गावोगाव, शहरोशहरी.

या सगळ्या सिनेमांत एक माणूस असायचाच. ओनोरे. हा मूळचा सर्कशीतला. पडणं हे त्याचं काम. छत्रीला लोंबकळून पडायचा, उडत्या घराच्या खिडकीतून पडायचा, घंटेवरून पडायचा. असा पडायचा की बघणाऱ्याचा जीव वर आणि हसू खाली. पण खाली गादी असायची, बरं का. ताईनं स्वतः शिवलेली, कापसानं ठासून भरलेली. ओनोरेच्या आधी ताई त्या गादीवर बसून बघायची. ती हो म्हणाली की मगच ओनोरे वरून ओरडायचा, "आलो रे!"

श्रीरंग, पाय आत घे पांघरुणात. हं.

मग काय झालं, पॅरिसहून मोठे शेठ आले. म्हणाले, "बाझील, आमच्याकडे चल. तुला हवं ते देऊ. म्हणशील तो सिनेमा काढ." बाझील नाचायलाच लागला. ताईला म्हणाला, "ताई, आवर. निघायचंय."

ताई म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मला इथंच बरं वाटतं."

का म्हणाली असं? तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. डोळ्यांपुढे सारखं धुकं. गावात धुकं असायचंच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तिनंही कुणाला सांगितलं नाही.

मग बाझील आणि ओनोरे पॅरिसला गेले. बाझीलच्या मनात एक ढग होता. हा ढग काम शोधायला शहरात येतो आणि एका लाँड्रीत धोब्याच्या हाताखाली नोकरीला राहतो. कपडे भिजवतो, वाफेनं इस्त्री करतो. शेवटी लाँड्रीचा मालक त्याला हाकलून देतो. ढग बिचारा निघतो. तेव्हा धोबी छपरावरून उडी मारतो, ढगावर बसतो, आणि दोघं निघून जातात. धोबी कोण? ओनोरे.

केवढं काम सुरू झालं म्हणून सांगू! रंगाऱ्यांनी भल्यामोठ्या कापडावर आभाळ रंगवलं. बाझील आला, म्हणाला, "निळं नको. लिंबाच्या सालीसारखं हवं." रंगाऱ्यांनी सगळं पुसून पुन्हा रंगवलं. सगळे हसले. म्हणाले, काय गमत्या माणूस आहे! मग बाझील म्हणाला, "या कबुतरांच्या पायांत मोजे हवेत." बायकांनी बसून एवढुसे एवढुसे मोजे विणले. कबुतरांनी चोचीनं ओढून टाकले. पुन्हा विणले. आता हसणारे थोडे राहिले. पण नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'जेव आता' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं ना!

मग आला उडीचा दिवस. छप्पर तयार. कापडाचा ढग तारांवर टांगलेला. खाली गादी. बाझीलनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"गादीची सावली पडतेय. काढा ती."

ओनोरे छपराच्या शिडीशी उभा होता. म्हणाला, "बाझील, खाली काहीतरी हवं रे."

"ढग आहे की."

"ढग कापडाचा आहे."

"लोकांना वाटलं पाहिजे, खाली काहीच नाही. एकदाच, ओनोरे. माझ्यासाठी."

ओनोरेनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं याच माणसानं सांगितलं तिथून तो पडला होता. तो म्हणाला, "बरं." आणि शिडी चढला.

उडी अशी सुंदर झाली, पोरांनो, की सगळ्यांचे श्वास अडकले. मग ढग फाटला.

ओनोरे मेला नाही. पण त्याची पाठ मोडली. कमरेखालचं सगळं गेलं. पुन्हा म्हणून तो पायांवर उभा राहिला नाही.

बाझील रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचा. मग तसाच परत यायचा. एकदाही तो आत गेला नाही. शेठ लोकांनी सिनेमा त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्यांकडून पुरा करून घेतला. ती उडीही कापून टाकली. लोक घाबरतील म्हणाले. सिनेमा लागला. लोक आले, खोकले, चुळबुळले, उठून गेले. मग बाझील दिसला की माणसं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जायला लागली. ज्या दारांतून त्याला हाका यायच्या, ती दारं बंद झाली.

मग तो गावी आला. ताई दारात उभी होती. तिनं हात पुढे केला, चाचपत त्याचा चेहरा धरला आणि म्हणाली, "किती वाळलास रे!"

बाझीलनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो पायरीवर खालीच बसला.

"कधीपासून, ताई?"

"तू जायच्या आधीपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू थांबला असतास. आणि मग जन्मभर माझ्याकडे बघून सुस्कारे सोडले असतेस."

मग फार वाईट दिवस आले. बाझील भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ना हसायचा, ना वेड्यासारखं काही विचारायचा. मशिनवर धूळ बसली. ताई चाचपडत चूल पेटवायची, चाचपडत त्याचं ताट वाढायची. ताट तसंच राहायचं. डोकं रिकामं झालं होतं त्याचं. छत्री दिसली तर नुसती छत्री दिसायची.

एक दिवस ताईनं विचारलं, "ओनोरे कसा आहे? तू नावच काढत नाहीस त्याचं."

मग बाझीलनं भिंतीकडे बघतच सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "गादी कुणी काढायला लावली?"

"मी."

"त्याला भेटलास?"

"नाही."

"मग इथं काय करतोयस?"

बाझील उठला. पॅरिसला गेला. ओनोरे आता भावाकडे राहत होता, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बाझीलनं दार वाजवलं. ओनोरेच्या वहिनीनं दार उघडलं, त्याला पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. वहिनी म्हणाली, "आमच्या घरातलं माणूस मोडून ठेवलंस. आता काय, किती मोडलं त्याचं मोजमाप घ्यायला आलास? जा इथून." तो जिन्यात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला. वहिनी दार लावणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे त्याला."

खिडकीशी खाट होती. खाटेवर ओनोरे. खांदे तसेच रुंद, पाय मात्र काठीसारखे झालेले. त्यानं बस म्हटलं नाही. पहिलं काय विचारलं असेल?

म्हणाला, "उडी कशी दिसली रे सिनेमात? मला कुणी नेलं नाही बघायला."

आता खोटं बोलता आलं असतं. छान दिसली म्हणाला असता, तर कुणाला कळणार होतं? बाझीलच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण तो म्हणाला, "उडी नाही त्यात. कापून टाकली."

ओनोरेनं खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणजे फुकटच गेलं सगळं."

"हो," बाझील म्हणाला.

मग तो रडला. ओनोरे रडला नाही. बाझील म्हणाला, "आमच्या घरी चल. ताई आहे. तुझं सगळं मी करीन."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"कधी करीन असंही नाही."

"तरी चल."

ओनोरेनं त्या दोन खोल्या पाहिल्या, भावाच्या पोरांचे लटकलेले कपडे पाहिले. म्हणाला, "बांधा माझं सामान." वहिनी एवढी करवादणारी, पण गाठोडं बांधताना तिचं तोंड पदराआड होतं. म्हणजे तिकडे पदर नसतो, एप्रन असतो.

मग ते तिघं त्या बंदरगावात राहायला लागले. एकीला दिसत नाही, एकाला चालता येत नाही आणि एकाला कुणी काम देत नाही. गोडीगुलाबीनं राहिले असं नका समजू हं. ओनोरे चिडायचा. वाडगा फेकायचा. बाझील खरकटं पुसायचा, त्याला अंघोळ घालायचा, कुशीवर वळवायचा, पाठीला तेल लावायचा. कधी कधी दिवसभर घरात कुणी बोलायचं नाही.

काय म्हणालीस, मिनू? मग त्यानं पुन्हा सिनेमा काढला का? नाही गं बाळा. पुन्हा नाही काढला.

पण एकदा काय झालं, उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारचं लख्ख ऊन. वारासुद्धा पडलेला. ओनोरे अचानक म्हणाला, "मला पाण्यात घेऊन चल."

बाझीलनं त्याला पाठीवर घेतलं. ताई त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागून चालली. वाळूवर पोचल्यावर ती थांबली आणि बाझील समुद्रात शिरला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मग त्यानं ओनोरेला पुढे घेतलं आणि काखेत हात घालून धरलं.

"हात सैल कर," ओनोरे म्हणाला.

"नाही."

"कर रे. पाणी धरतंय मला."

बाझीलनं हात सैल केले. सोडले नाहीत, सैल केले फक्त. आणि ओनोरे सरळ झाला. पाय खाली, डोकं वर, गळ्याशी पाणी. लाट आली की थोडा वर जायचा, लाट गेली की खाली यायचा.

काठावरून ताई ओरडली, "काय चाललंय? मला सांगा की कुणीतरी!"

ओनोरेच ओरडला, "मी उभा आहे, सेराफीन! उभा आहे मी!"

मग ताईनं काय करावं? तिनं बूट काढले आणि आवाजाच्या रोखानं सरळ पाण्यात शिरली, अंगावरच्या झग्यासकट. एक हात पुढे करून चालत राहिली. ओनोरे तिला हाका मारत राहिला, "अशी ये, अशी. थोडं डावीकडे." शेवटी तिचा हात त्याच्या खांद्याला लागला. मग ती तिथंच उभी राहिली. तिघंही उभे राहिले, पार कुडकुडायला लागेपर्यंत.

मग घरी आले. अंग पुसलं. ताईनं माशांचं गरम कालवण केलं आणि तिघांनी ते चाटूनपुसून खाल्लं.

ओनोरेनं माफ केलं का? ते मला नाही ठाऊक, बाळांनो. तो कधी तसं म्हणाला नाही आणि बाझीलनं कधी विचारलं नाही. पण उन्हाळा असला आणि ऊन पडलं, की तो म्हणायचा, "चल रे." आणि बाझील पाठ वाकवायचा.

तसे ते राहिले, म्हातारे होईपर्यंत, एकमेकांच्या आधारानं. मिटा आता डोळे. कूस बदला, पांघरूण घ्या नीट. निजा.