जांभळीवरची मडकी

मतपेट्या निघायच्या कितीतरी आधी, एका जंगलात तळ्याकाठी मडकी मांडत. ज्याच्या मडक्यात जास्त चिंचोके पडतील, तो सरपंच. एका वर्षी कासवं माकडांपेक्षा जास्त झाली. लगेच माकड सरपंचांनी सगळी मडकी जांभळीच्या शेंड्याला टांगली.

“आम्ही मत द्यायचं कसं?” ढालूबाई कासवीण म्हणाली.

“चढा की, मावशी! नियम सगळ्यांना सारखाच.”

ढालूबाई सरपटत सगळ्या जंगलांच्या प्रमुखाकडे, हत्तीकडे गेली. हत्तीने येऊन मडकी खाली उतरवली.

“यापुढे मडकी हलवायच्या आधी कासवांना विचारायचं. त्यांना जमणार असेल, तरच मी परवानगी देईन.”

“अहो, त्यांना उत्तर द्यायलाच संध्याकाळ होते!”

“मग सकाळीच विचारा,” हत्ती म्हणाला.